खोटा दाखला, खरा क्रमांक

२३ सप्टेंबर २०२५ रोजी सीमाशुल्क खात्याच्या कोची येथील अधिकाऱ्यांनी केरळात ठिकठिकाणी एकाच वेळी झडत्या घेतल्या आणि तीसहून अधिक मोटारी ताब्यात घेतल्या. या मोहिमेला त्यांनी 'नुमखोर' असे नाव दिले होते. भूतानच्या भाषेत या शब्दाचा अर्थ वाहन असा आहे. भूतानात वापरून झालेल्या, तेथील लष्कराने व इतरांनी काढून टाकलेल्या किमती मोटारी सीमेपलीकडून चोरवाटेने भारतात आणल्या गेल्या, बनावट कागदपत्रांच्या आधारे निरनिराळ्या राज्यांत त्यांची नोंदणी झाली आणि नंतर त्या धनवंतांना विकल्या गेल्या, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. ज्यांच्या दारी या झडत्या झाल्या त्यांत चित्रपटसृष्टीतील काही नामवंत होते. त्यामुळे वृत्तपत्रांतून या प्रकरणाची चर्चा झाली ती बहुतांशी त्या नामवंतांची. मूळ प्रश्न मात्र मागे पडला. सीमा ओलांडून चोरून आलेल्या मोटारीला भारतातील सरकारी कार्यालयाने भारतीय क्रमांक दिलाच कसा, हा तो प्रश्न होय.

भूतानची सीमा कोठे आणि पुणे कोठे, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु परदेशाची सीमा पुणेकरांस नेहमीच इतकी दूरची नव्हती. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ती सावंतवाडीच्या पलीकडे, एका दिवसाच्या प्रवासावर होती. १९५५ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहींच्या तुकड्या याच शहरातून त्या सीमेकडे गेल्या. त्या सीमेवर आणखी एक गोष्ट चालत असे, तिची आठवण जुन्या पिढीस असेल. पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यात परदेशी मालाच्या आयातीस मोकळीक होती आणि अलीकडे भारतात तीच आयात कडक बंधनांखाली होती. परिणामी सोने, घड्याळे आणि चैनीच्या वस्तू रानावनातून इकडे येत राहिल्या. पहारे वाढविल्याने तो व्यापार थांबला नाही. तो थांबला तो सीमाच नाहीशी झाली तेव्हा. सीमेच्या दोन्ही बाजूंस एकाच वस्तूचे मोल फार वेगळे असले की तेथे चोरवाट पडते, हा व्यापाराचा नियम आहे.

मोटारीच्या बाबतीत भूतानची सीमा नेमकी तशी आहे. भारत व भूतान यांच्या नागरिकांस ती ओलांडण्यास व्हिसा लागत नाही. शिवाय दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणजे तिकडील मोटारीचे चाक आपल्याप्रमाणेच उजव्या हाताला असते. गोव्याचेही असेच होते. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची बाजू बदलून उजवी केली, तरी गोव्यातील वाहने शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानाप्रमाणे डावीकडूनच चालत राहिली. एकदा क्रमांकाची पाटी बदलली की अशी मोटार परकी आहे हे वाटेवरच्या कोणासही ओळखता येत नाही.

आता सरळ मार्गाने मोटार आणू पाहणाऱ्याची वाट कशी आहे ते पाहू. आपल्या शहरातील सहस्रावधी तरुण नोकरीनिमित्त परदेशी गेले आहेत. त्यांतील कोणी कायमचा परत यावयास निघाला आणि तेथील आपली वापरती मोटार बरोबर आणावी असे त्याच्या मनात आले, तर त्याच्यापुढे पहिला अडथळा चाकाचा. भारतात आणावयाच्या वापरलेल्या मोटारीचे चाक उजव्या हाताला असले पाहिजे. दुबई, मस्कत वा अमेरिका येथील मोटारी या कसोटीस एकदम बाद होतात. ब्रिटन, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया येथील टिकतात. वापरलेल्या मोटारीच्या सर्वसाधारण आयातीस आणखीही अटी आहेत. मोटार तयार होऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा. वेगमापक किलोमीटर दाखविणारा असावा. पुढच्या दिव्यांचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीस योग्य असावा. मोटार आणखी पाच वर्षे रस्त्यावर चालण्यालायक राहील अशी हमी लागते, आणि मोटार उतरवावयाची ती मुंबई बंदरातच. यावर आयातशुल्क व इतर कर मिळून मोटारीच्या मूळ मोलाहून अधिक रक्कम सरकारात भरावी लागते. आयात मोटारीवर राज्याचा एकरकमी वाहनकरही देशी मोटारीपेक्षा चढ्या दराने आहे.

हे सारे पार पडल्यावर संगम पुलाजवळील प्रादेशिक परिवहन कार्यालयाची पायरी चढावयाची. नोंदणीच्या अर्जाबरोबर कोणते कागद हवेत हे १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांत सांगितलेले आहे, आणि परदेशातून आलेल्या मोटारीसाठी सीमाशुल्क खात्याने माल सोडल्याचा दाखला त्यांत स्पष्टपणे नमूद आहे. तो दाखला पाहावा, चेसिसचा व इंजिनाचा क्रमांक प्रत्यक्ष मोटारीशी ताडून घ्यावा आणि मगच क्रमांक द्यावा, असा हा क्रम आहे.

या अटी जाचक आहेत, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. ती आम्हांस सर्वस्वी मान्य नाही. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने असे ठरविले की, ज्यांस मोटारी या देशात घडवावयाच्या आहेत त्यांनीच येथे राहावे. नुसते सुटे भाग आणून जुळविणाऱ्यांनी आपला व्यवसाय आवरावा. जनरल मोटर्स व फोर्ड या बलाढ्य कंपन्या त्या वेळी येथून गेल्या. ग्राहकाला त्याची किंमत मोजावी लागली. एका फियाटसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहणारी कुटुंबे पुण्यातही होती. परंतु त्याच संरक्षणाच्या छायेत पिंपरी, आकुर्डी आणि पुढे चाकण येथे जे उद्योग वाढले, त्यांवर या शहराचा संसार आज चालतो. १९६६ साली स्थापन झालेली मोटारींची तपासणी करणारी राष्ट्रीय संशोधनसंस्था वेताळ टेकडीवर उभी राहिली, तीही याच उद्योगाच्या आधारे. १ एप्रिल २००१ पासून परिमाणात्मक निर्बंध उठवून वापरलेल्या मोटारींस दार उघडण्यात आले, तेव्हाही ते अटी घालूनच. परदेशांनी टाकून दिलेली, धूर ओकणारी वाहने येथे येऊन पडू नयेत हा त्यामागील हेतू योग्यच आहे. अटी सैल कराव्यात असे आमचे म्हणणे नाही. त्या एकास लागू आणि दुसऱ्यास नाही, अशी स्थिती असू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सरळ मार्गाने जाणाऱ्यास प्रत्येक कागद तीनदा दाखवावा लागतो, आणि चोरवाटेने आलेल्यास एक बनावट कागद पुरतो. केरळच्या प्रकरणात लष्कर, परराष्ट्र वकिलाती अशांच्या नावांचे बनावट कागद वापरल्याचे अधिकारी सांगतात. मोठ्या नावाचा शिक्का दिसला की कारकुनाने मान लवविली असणार. त्यानंतर मात्र सारे कायदेशीर होते. मोटार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली की तेथे नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी पहिल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. तो दाखला खरा असतो. नवा क्रमांकही खरा असतो. अशा दोन-तीन खऱ्या कागदांच्या घड्यांखाली मूळचा खोटा कागद दडून जातो.

आम्ही शिक्षकाचा व्यवसाय करीत होतो त्या काळातील एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. दुसऱ्या शाळेतून येणारा विद्यार्थी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येई. आमचे मुख्याध्यापक तो दाखला पाहून विद्यार्थ्यास वर्गात बसू देत. पण पटावर त्याचे नाव पक्के करण्यापूर्वी आधीच्या शाळेस एक पोस्टकार्ड पाठवीत. "आपला अमुक क्रमांकाचा दाखला आमच्याकडे आला आहे, तो आपलाच काय?" एवढाच मजकूर त्यावर असे. एका वर्षी त्या पोस्टकार्डाचे उत्तर आले की, या क्रमांकाचा दाखला आम्ही दिलेलाच नाही. मुलगा निष्पाप होता. त्याच्या वडिलांनी कोणा मध्यस्थास पैसे देऊन तो कागद मिळविला होता आणि तो खराच असल्याची त्यांची समजूत होती. मुख्याध्यापकांनी मुलास बाहेर काढले नाही. त्याची परीक्षा घेऊन त्यास योग्य त्या इयत्तेत बसविले, आणि वडिलांना मात्र चार शब्द सुनावले. पोस्टकार्डाचा खर्च किरकोळ होता. तो वाचविला असता तर त्या मुलाच्या पुढील प्रत्येक दाखल्यावर तो पहिला खोटेपणा चढत गेला असता.

मोटारींच्या नोंदणीत नेमके हे पोस्टकार्ड पाठविले जात नाही. आणि येथे शिक्षा भोगतो तो शेवटचा खरेदीदार. पुण्यात जुन्या मोटारींचा बाजार मोठा आहे. परराज्यांच्या क्रमांकाच्या मोटारी येथे नित्य विकल्या जातात. आयुष्यभराच्या बचतीतून एखाद्या निवृत्त गृहस्थाने अशी मोटार घेतली, नोंदणीपुस्तक पाहिले, सरकारी संकेतस्थळावर क्रमांक ताडून पाहिला, सर्व काही जुळले. आणखी त्याने काय करावे? तरीही ती मोटार मुळात चोरून आणलेली निघाली तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली ती जप्तीस पात्र ठरते. माल आज कोणाच्या हाती आहे आणि त्याने तो कोणत्या भावनेने घेतला, याने मालाचा दोष जात नाही. दंड भरून माल सोडवून घेण्याची सोय कायद्यात आहे, पण तो दंड त्या गृहस्थाने का भरावा? त्याने विश्वास ठेवला तो कोणा दलालाच्या शब्दावर नव्हे, सरकारच्या पाटीवर. सरकारचा एक हात क्रमांक देतो आणि दुसरा हात मोटार नेतो, हे न्यायाचे राज्य नव्हे.

नियमापुढे सर्व समान हे तत्त्व आपल्याकडे मोठ्यांच्या बाबतीतही डळमळते. २००२ साली सचिन तेंडुलकर यांस, डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल, फेरारी मोटार भेट मिळाली. ती वापरलेली नव्हती, पण प्रश्न याच जातीचा होता. तिच्यावरील सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांचे शुल्क सरकारने २००३ साली माफ केले. लोकांत टीका झाली, आणि अखेर ते शुल्क फियाट कंपनीने भरण्याचे पत्करले. त्या खेळाडूविषयी आमचा आदर कोणाहून कमी नाही. परंतु लोकांस जे खुपले ते मत्सरापोटी नव्हे. आपली जुनी मोटार आणण्यासाठी पै न् पै भरणाऱ्यास सरकार सूट देत नाही आणि ज्यास ती सहज परवडेल त्यास देते, ही विसंगती त्यांना खुपली. शुल्क अखेर भरले गेले ते सरकारच्या आग्रहाने नव्हे, लोकमताच्या रेट्याने, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तेव्हा करावयाचे काय? उपाय अवघड नाहीत. पहिला उपाय असा की, बंदरावर भरलेल्या आयातपत्राचा क्रमांक व मोटारीचा चेसिस क्रमांक सीमाशुल्क खात्याने थेट परिवहन खात्याकडे पाठवावा आणि तो जुळल्याविना कोणत्याही राज्यात आयात मोटारीस क्रमांक देऊ नये. दोन्ही खात्यांची दप्तरे संगणकावर आहेत. पोस्टकार्डाचीही आता गरज उरलेली नाही. दुसरा असा की, मोटार आयात केलेली आहे काय आणि तिचे शुल्क भरले आहे काय, हे खरेदीदारास सौदा करण्यापूर्वी कोठूनही पाहता यावे. तिसरा, लष्कर व वकिलाती यांच्या नावाने आलेल्या कागदांची अधिक कसोशीने, त्या त्या कार्यालयास लेखी विचारून, तपासणी व्हावी. चौथा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा: जेथे सरकारी कार्यालयाने स्वतः नोंदणी केली आहे आणि खरेदीदाराने सर्व कागद पाहून प्रामाणिकपणे मोटार घेतली आहे, तेथे बुडालेल्या शुल्काची वसुली आणणाऱ्याकडून व विकणाऱ्याकडून व्हावी, ज्याने न तपासता शिक्का मारला त्या अधिकाऱ्यास जाब विचारला जावा, आणि खरेदीदारास शेवटच्या पायरीवर उभे करावे, पहिल्या नव्हे.

वाचकांसही एक सूचना करावीशी वाटते. परराज्याच्या क्रमांकाची किमती परदेशी मोटार बाजारभावाहून फार स्वस्त मिळत असेल, तर त्या स्वस्ताईचे कारण विचारावे. पहिली नोंदणी कोठे व कोणाच्या नावे झाली, तिच्यापूर्वी ती मोटार कोठे होती आणि सीमाशुल्काचा मूळ दाखला कोठे आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. ज्या विक्रेत्यास त्यांची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्याशी सौदा न करणेच हिताचे.

मोटारीवरची क्रमांकाची पाटी हे सरकारने रस्त्यावरच्या प्रत्येक नागरिकास दिलेले वचन आहे: ही मोटार कोणाची हे आम्हांस ठाऊक आहे, आणि ती येथे कशी आली हेही ठाऊक आहे. या वचनाचा दुसरा भाग आज पोकळ ठरला आहे. सीमेवर पहारेकरी कितीही वाढविले तरी नोंदणीच्या टेबलावरची झोप उडाल्याखेरीज तो भरून निघणार नाही.