राहुरीच्या उन्हात जपानी पार्सली

परसबागेत किंवा गच्चीवरील कुंडीत कोथिंबीर पिकविणाऱ्या घरांना अलीकडे परदेशी पालेभाज्यांचेही आकर्षण वाटू लागले आहे. बियाण्यांची पाकिटे घरपोच मिळत असल्याने ‘जपानी पार्सली’ही आता दूरची राहिलेली नाही. ती कोथिंबिरीच्याच कुळातील. साहजिकच तिचे बी धन्यासारखे मातीत अर्धा इंच खोल पेरले जाते, कुंडी भरपूर उन्हात ठेवली जाते आणि महिनाभर वाट पाहूनही काहीच उगवत नाही. दोष बियाण्याला दिला जातो. वास्तविक या वनस्पतीच्या सवयी कोथिंबिरीच्या जवळजवळ उलट आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरीसारख्या उष्ण, कोरड्या गावात तर ही गोष्ट आधी लक्षात घेणे आवश्यक ठरते.

प्रथम नावाचा घोळ दूर करावयास हवा. ‘जपानी पार्सली’ या एकाच नावाने दोन निरनिराळ्या वनस्पती ओळखल्या जातात. पहिली ‘मित्सुबा’. या जपानी शब्दाचा अर्थ तीन पाने. बेलाच्या त्रिदळाप्रमाणे तिच्या प्रत्येक लांब देठावर तीन पर्णिका असतात. दुसरी ‘सेरी’. ती पाणथळ जागेत वाढते आणि जपानमध्ये ७ जानेवारीला शिजविल्या जाणाऱ्या सात पालेभाज्यांच्या पेजेत तिचा मान पहिला असतो. सेरी आपल्या देशाला मुळीच नवी नाही. मणिपूरमध्ये ‘कोम्प्रेक’ या नावाने ती रोजच्या जेवणात असते. तथापि, तिला सतत पाण्यात किंवा चिखलात ठेवावे लागते. घराजवळ असे साचलेले पाणी बाळगणे म्हणजे डासांना आमंत्रण. त्यामुळे घरगुती बागेसाठी मित्सुबा अधिक सोयीची. पाकीट घेताना त्यावर कोणते नाव आहे, हे पाहून घ्यावे.

मित्सुबाचे मूळ घर पूर्व आशियातील ओलसर, सावलीची वनभूमी. राहुरी मात्र अवर्षणप्रवण पट्ट्यात येते. वर्षाकाठी पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर आणि मे महिन्यात पारा ४० अंशांच्या आसपास. बारागाव नांदूर येथील मुळा धरणामुळे या तालुक्यात ऊस उभा राहिला आणि १९६८ मध्ये स्थापन झालेले, आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाणारे कृषी विद्यापीठही येथेच आहे. परंतु कालव्याने पाणी येते, हवेतील गारवा येत नाही. मित्सुबाला १५ ते २२ अंश सेल्सिअस तापमान मानवते. येथे असे दिवस दिवाळीपासून होळीपर्यंतच मिळतात. जपानमध्ये ती बहुवर्षायू असली, तरी राहुरीत तिला हिवाळी पीक मानणेच शहाणपणाचे.

पेरणीची घाई करू नये. ऑक्टोबरचा उष्मा ओसरल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बी रात्रभर पाण्यात भिजवावे. या बियांना रुजण्यासाठी प्रकाश लागतो आणि बहुतेकांची चूक नेमकी येथेच होते. बी मातीत पुरू नये. ओल्या मातीवर पसरून हाताने हलके दाबावे, फार तर चाळलेल्या कोकोपीटचा पातळ थर द्यावा. झारीच्या धारेने ते वाहून जाते, म्हणून फवाऱ्याने पाणी द्यावे. रुजायला दोन आठवडे लागतात, कधी तीनही. या काळात वरचा थर एकदा जरी कडक वाळला, तरी कोंब मरतो. कुंडीवर ओले गोणपाट झाकल्यास प्रकाश अडतो, त्यापेक्षा पारदर्शक प्लास्टिक सैलसर बांधणे बरे. दोन-तीन खरी पाने आल्यावर रोपांत सुमारे १५ सेंटिमीटर अंतर ठेवून विरळणी करावी. विरळलेली रोपे टाकून देण्याचे कारण नाही, ती कोशिंबिरीत चालतात.

राहुरी परिसरातील काळी माती उसाला भावते, पण कुंडीत ती वाळली की भेगाळते आणि भिजली की चिकटून बसते. पुष्कळ ठिकाणी तिच्यात चुनखडीही असते. म्हणून पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट समभाग घ्यावे. पाण्याचा प्रश्न याहून नाजूक. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल, तर पानांच्या कडा प्रथम करपतात. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते झाडांना घालतात. हेतू चांगला असला, तरी त्या पाण्यात क्षार अधिक असतात. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी या भाजीला चालते, साबणाचे किंवा मोरीचे नाही, कारण पाने कच्चीही खाल्ली जातात.

जागा निवडावी ती घराच्या पूर्वेची किंवा उत्तरेची. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन पुरते. आंब्याच्या किंवा चिकूच्या गर्द सावलीखाली, जेथे कोथिंबीर लांबट आणि फिकी होते, तेथे मित्सुबा उलट खुलते. कडक उन्हात तिची पाने पिवळसर व राठ बनतात. दीड-दोन महिन्यांत देठ वीतभर झाले की जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर ठेवून कापावेत. नवी फूट पुन्हा येते. मार्चनंतर हवा तापू लागली की मावा आणि लाल कोळी यांचा उपद्रव वाढतो. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा घरगुती बागेतील पहिला उपाय, त्याने भागले नाही तर निंबोळी अर्क.

खताच्या मातीतून गाजर गवताचे बी हमखास येते. त्याची कोवळी पाने गाजर-कोथिंबिरीसारखी कातरलेली दिसतात आणि नवख्या माणसाला ती याच कुळातील वाटतात. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम आढळलेले हे तण या कुळातले नाही, शिवाय त्याने त्वचेला खाज व पुरळ येते. मित्सुबाच्या पर्णिका रुंद, करवती कडांच्या आणि नेमक्या तीन असतात. चुरगाळल्यावर सौम्य सुगंध येतो. शंका असल्यास ते रोप ताटात येऊ देऊ नये.

चव कोथिंबीर आणि सेलरी यांच्या मधली, पण दोन्हींपेक्षा मवाळ. जपानी स्वयंपाकात ती रस्स्यावर अगदी शेवटी घालतात, कारण फार शिजवल्यास कडवटपणा येतो. वरण किंवा मुगाचे कढण चुलीवरून उतरविल्यावर बारीक चिरून घातली, तर तिचा सुगंध टिकतो. फोडणीत मात्र ती वाया जाते.

एप्रिलमध्ये एक-दोन रोपे न कापता सावलीत राखून ठेवावीत. उन्हाळ्यात ती तगली, तर पुढे बारीक पांढरी फुले येऊन बी धरते. हे बी जुने झाले की उगवण झपाट्याने घटते, म्हणून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पेरावे.