सर्दीला अँटिबायोटिक कशाला?

बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात ओपीडीची रांग व्हरांड्याबाहेर जाते. केसपेपरवर ‘सर्दी-ताप, दोन दिवस’ एवढंच, आणि खाली अमॉक्सिसिलिन.

सर्दी आणि बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात. अँटिबायोटिक मारतं ते जिवाणूंना. हे डॉक्टरांना ठाऊक नसतं असं नाही. पण जिवाणू आहेत का हे सांगणाऱ्या कल्चर तपासणीचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोही तालुक्याहून किंवा जिल्ह्याहून. मजुरी बुडवून आलेली बाई उद्या पुन्हा येईलच याची खात्री कोण देणार? मग ‘असू द्या’ म्हणून गोळी लिहिली जाते. दोष एकट्या डॉक्टरवर टाकणं अन्यायाचं आहे.

लहान मुलांच्या साध्या जुलाबांतही तेच. तिथे खरं औषध म्हणजे ओआरएस आणि झिंक; शौचात रक्त दिसलं तर गोष्ट वेगळी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकांचे तीन गट पाडले. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात, नेहमीच्या वापराचं. अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दुसऱ्या, जपून वापरायच्या गटात. तिसरा गट अखेरच्या उपायासाठी राखीव.

अँटिबायोटिकांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. कात्रीने कापून दिलेल्या सहा गोळ्यांवरही ती दिसते. तिचा अर्थ सांगायला औषधांच्या खिडकीपाशी अर्धं मिनिट लागतं.