कापसाचा खर्च कोण मोजतो?

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आंबेडकरी जनतेची रीघ लागते. १९३७ साली बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले, तेव्हा ते या बंगल्यावर मुक्कामाला होते. ही आठवण खान्देशाने जिवापाड जपली आहे. मात्र तेथील भाषणांत बॅरिस्टर बाबासाहेब येतात, घटनाकार बाबासाहेब येतात. अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब क्वचितच येतात. आणि कार्यक्रम आटोपून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावकडे परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा असतो तो कापूस!

अर्थशास्त्र हे शास्त्र आहे, त्यात राजकारण आणू नका, असे आम्हांला नेहमी बजावले जाते. ठीक आहे. मग या कापसाचाच हिशेब घेऊ. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाचा उत्पादन खर्च क्विंटलला ५,१४० रुपये धरला आणि हमीभाव ७,७१० रुपये जाहीर केला. बरोबर दीडपट, रुपयाचीही चूक नाही. परंतु हा खर्च 'ए-२ अधिक एफएल' या सूत्राचा आहे. म्हणजे बी, खत, औषध, मजुरी असा पदरचा खर्च आणि घरच्या माणसांच्या कष्टाचे धरलेले मोल. 'सी-२' या दुसऱ्या सूत्रात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याजही मिळविले जाते. दोन्ही आकडे कृषी मूल्य आयोगाच्या एकाच अहवालात छापलेले असतात. बेरीज शास्त्राची, पण त्यातला कोणता आकडा उचलायचा हे दिल्लीचे सरकार ठरविते. शेतकरी संघटना सी-२ मागतात. त्यांची तक्रार रास्तच आहे. कोरडवाहू दोन एकरांवर जगणारे आमचेही भाऊबंद आहेत.

पण आमचा सवाल त्यापुढचा आहे. सी-२ मध्ये वाढलेला खंड आणि व्याज कोणाच्या पदरात पडणार? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या! सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल बाया आणि आमच्या वस्त्यांतल्या मायबहिणी किलोवर कापूस वेचतात. त्यांचे श्रम दोन्ही सूत्रांत केवळ खर्च म्हणून येतात. त्यांना जेवढे कमी दिले तेवढा खर्च कमी आणि पीक तेवढे 'किफायतशीर'. प्रत्यक्ष मजुरी किमान वेतनापेक्षा कमी असेल तर किमान वेतनाचा दर धरून खर्च मोजणारे सूत्रही आयोगाच्या परिभाषेत आहे, सी-२ ला चांदणी लावलेले. त्या चांदणीसाठी मोर्चा निघालेला आम्ही तरी पाहिला नाही.

हा सवाल बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी विचारला आहे. रुपयाचा दर उतरला की माल परदेशात खपतो आणि देशाचा फायदा होतो, असे त्या काळी मोठमोठे लोक सांगत. १९२३ च्या 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात बाबासाहेबांनी या 'देशा'चीच झडती घेतली. रुपया उतरला की किमती चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते, आणि मधला फरक मालकाचा नफा होतो. म्हणजे तो नफा देशाने बाहेरून कमावलेला नसून मजुराच्या ताटातून काढलेला असतो. लक्षात घ्या, त्यांनी शास्त्र झुगारले नाही. किमती आणि मजुरीचे आकडे मांडूनच त्यांनी हे दाखविले. केन्ससारखा पंडित ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीचा पुरस्कर्ता होता, तिच्यावरही त्यांनी याच हत्याराने घाव घातला. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही कोणत्या दराने कोणत्या वर्गाचे काय होईल, हे त्यांनी स्पष्ट मांडले. आजच्या हमीभावाच्या चर्चेत 'शेतकरी' हा शब्द तसाच वापरला जातो, जसा तेव्हा 'देश' वापरला जात होता. सातबारावाला आणि वेचणीवाली एकाच शब्दात कोंबली जातात.

कृषी मूल्य आयोगाच्या रचनेत शेतकरी समाजाच्या दोन अशासकीय प्रतिनिधींची तरतूद आहे. शेतमजुरासाठी वेगळी खुर्ची नाही. येत्या ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर या एका खुर्चीचा आणि त्या चांदणीचा ठराव मांडावा, अशी आमची धुळे-जळगावच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे.