गणित आणि गांवचा नकाशा

त्रैराशिकाची रीत घडाघडा म्हणणारा मुलगाहि तिचा उपयोग विचारतांच गोंधळतो. अशा मुलाकडून आपल्या गांवाचा नकाशा काढवून घ्यावा. भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखांत तर हा पाठ विशेषच फलदायी होतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांत एक किलोमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर. पण एक चौरस किलोमीटर रान दोन नव्हे, चार चौरस सेंटिमीटर जागा व्यापतें! घाटांतील नागमोडी रस्ता दोऱ्यानें मोजावा. तोरण्याची चढण मात्र दोऱ्यासहि सांपडत नाहीं. तेथें समोच्च रेषांवरून उंची घेऊन काटकोन त्रिकोण मांडावा लागतो.

आजोबांनीं ओढ्यांचीं, शिवारांचीं नांवें सांगावीं आणि नातवंडांनीं पट्टी धरावी. परक्या वाटणाऱ्या गणितांत मुलास आपलें घर सांपडलें, कीं त्याची भीति आपोआप ओसरते.