कोणी पाहत नसताना

नमाज दिसते. जकात घेणाऱ्याला कळते. हजहून परतलेल्या माणसाला भेटायला अख्खा मोहल्ला जातो. रोजा मात्र दिसत नाही. रोजेदाराने बंद दाराआड घोटभर पाणी प्यायले, तर जगात कोणालाही पत्ता लागणार नाही. तरीही तो पीत नाही. यवतमाळचे ऊन तापू लागते, ओठ सुकतात, आणि हाताशी माठ असूनही हात पुढे जात नाही. आपण आणि आपला अल्लाह, एवढ्या दोघांतच राहणारी ही इबादत आहे.

रुग्णालयातल्या परिचारिकेचे पुष्कळसे काम याच जातीचे असते. डॉक्टरांचा राऊंड सगळे पाहतात. ऑपरेशन झाले की नातेवाईक दारात उभे असतात. पण रात्री तीन वाजता बेशुद्ध रुग्णाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजली की पंधरा सेकंद मोजून चारने गुणले, की न मोजताच मागच्या आकड्यावरून तक्त्यात नवा आकडा लिहिला, हे कोण पाहणार? रुग्ण झोपेत आहे. नातेवाईक व्हरांड्यात चादर पसरून पडले आहेत. सकाळी तक्ता भरलेला दिसतो, एवढेच.

तरी एक जण पाहत असते. सिस्टरच्या मागे, हातात ट्रे घेऊन उभी असलेली नर्सिंगची विद्यार्थिनी.

‘ए स्टुडंट’

पुसद, दिग्रस, उमरखेड, घाटंजी, पांढरकवडा, वणी अशा ठिकाणांहून मुली, आणि आता मुलगेही, नर्सिंग शिकायला येतात. कोणी दोन वर्षांचा एएनएम, कोणी तीन वर्षांचा जीएनएम, कोणी चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग करतो. वर्गात पाठ्यपुस्तक असते. पण हा पेशा हातात येतो तो वॉर्डातच. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली सुरू झाले. तिथल्या रुग्णालयात जिल्हाभरातून रुग्ण येतात: सर्पदंशाचे, बाळंतपणाचे, अपघाताचे, फवारणीतून विषबाधा झालेले. शिकणाऱ्याला याहून मोठी शाळा नाही.

अशा कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात विद्यार्थिनीला पहिल्या दिवशी बहुधा नावाने हाक मारली जात नाही. ती ‘स्टुडंट’ असते. ए स्टुडंट, रिपोर्ट घेऊन ये. ए स्टुडंट, सगळ्यांचे बीपी घे. यात सिस्टरचा दुष्टपणा नसतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सरकारी वॉर्डात पाऊल टाकलेल्या कोणालाही ठाऊक आहे, की एका सिस्टरकडे त्याच्या कितीतरी पट खाटा असतात. अशा वेळी समोर आलेली मुलगी शिकायला आलेली आहे हे मागे पडते आणि ती मदतीचे दोन हात होऊन जाते.

दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी खरी आहेत. सिस्टर म्हणतात, आताच्या मुली केसबुकावर सह्या मिळवायला येतात, मोबाइल सुटत नाही, इंजेक्शन द्यायची वेळ आली की मागे सरतात. विद्यार्थिनी म्हणतात, आम्हाला चादरी बदलायला आणि लॅबच्या चकरा मारायला ठेवतात, विचारले तर एवढेही येत नाही का म्हणून पेशंटसमोर बोलतात.

या दुसऱ्या वाक्यात एक धोका दडलेला आहे. जिला विचारल्यावर ओरडा बसला, ती पुढच्या वेळी विचारत नाही. सलाईनचा वेग चुकला, औषध अर्धा तास उशिरा गेले, नाडी नीट सापडली नाही, तर ती सांगत नाही. अंदाजाने लिहून मोकळी होते. म्हणजे न मोजता आकडा लिहिण्याची सवय आळसातूनच येते असे नाही. ती भीतीतूनही येते. आणि त्याची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो.

एका आकड्यावर जीव

यवतमाळकरांना २०१७ चा हंगाम आठवत असेल. कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा झालेले शेकडो शेतकरी-शेतमजूर त्या काळात रुग्णालयात दाखल झाले आणि जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. ऑर्गेनोफॉस्फेट जातीच्या विषावर अ‍ॅट्रोपिन देतात. हे औषध एकदा टोचून विसरायचे नसते. नाडी किती झाली, बाहुल्या मोठ्या झाल्या का, तोंडाची लाळ आणि छातीतली घरघर कमी झाली का, हे पुन्हा पुन्हा पाहून पुढचा डोस ठरतो. कमी पडले तर विष जिंकते. जास्त झाले तर रुग्ण बडबडतो, तडफडतो, त्याला धरून ठेवावे लागते. त्या तक्त्यातला प्रत्येक आकडा खरा असावा लागतो. नाडी मोजायला शिकवणे ही म्हणूनच किरकोळ गोष्ट नाही.

शिकवणे एकाच बाजूने होते असेही नाही. कोलाम पोडावरून आलेली बाई घाबरून गप्प बसते, तांड्यावरची आजी गोरमाटीशिवाय बोलत नाही. वर्षानुवर्षे नोकरी केलेल्या सिस्टरला जे कळत नाही ते त्याच तांड्यावर वाढलेल्या विद्यार्थिनीला एका वाक्यात कळते. अशा वेळी ‘स्टुडंट’ला नाव मिळते.

मदिनेतला तंबू

रमजानमध्ये हजरत रुफैदा अस्लमिया यांची आठवण यावी, ती याच संदर्भात. इब्न इसहाक यांच्या सीरतमध्ये त्यांचा उल्लेख आहे. हिजरी सन ५ मधल्या खंदकच्या लढाईत साद बिन मुआज जखमी झाले, तेव्हा पैगंबर साहेबांनी त्यांना रुफैदांच्या तंबूत ठेवायला सांगितले. हा तंबू मदिनेच्या मशिदीपाशी होता. परंपरा सांगते, की शुश्रूषेची विद्या त्या आपल्या वैद्य वडिलांकडून शिकल्या आणि पुढे त्यांनी इतर स्त्रियांना शिकवली. म्हणजे जिथे जखमा धुतल्या जात, तिथेच धुणारे हातही तयार होत. बहारीनच्या नर्सिंग विद्यार्थ्यांसाठी आज त्यांच्या नावाचा पुरस्कार आहे. १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातच सुरू झाली, त्यामागेही हेच शहाणपण होते: वॉर्ड हाच वर्ग.

आपल्या महाराष्ट्रात या गोष्टीचा सर्वांत मोठा दाखला मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दिला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला. १८ मे २०१५ ला निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. भरवले, स्वच्छ ठेवले, कूस बदलली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही, चादरीची सुरकुती काढली नाही, तर कंबरेला आणि टाचांना बेडसोअर होतात. बेडसोअर हा न दिसणाऱ्या कामचुकारपणाचा दिसणारा पुरावा असतो. अरुणाताईंना इतक्या वर्षांत तो होऊ दिला नाही, ही केईएमच्या सिस्टरांची कमाई. इच्छामरणाच्या याचिकेला त्यांनी विरोध केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात त्यांच्या सेवेची मनापासून वाखाणणी केली.

त्या निकालात केईएमच्या अधिष्ठात्यांचे एक निवेदन आहे. नर्सिंगच्या प्रत्येक नव्या तुकडीला अरुणांकडे नेले जाते आणि ही आपल्यातलीच होती, आजही आपल्यातलीच आहे, असे सांगितले जाते, असा त्याचा आशय. १९७३ मध्ये नोकरीत असलेल्या परिचारिका २०१५ पर्यंत निवृत्त झाल्या होत्या. शेवटी ज्यांनी अरुणाताईंची कूस बदलली, त्यांनी त्यांना चालता-बोलताना कधीच पाहिले नव्हते. त्यांच्यापर्यंत ही सेवा पोचली ती ज्येष्ठांच्या हातून. एका पिढीने जरी नव्या मुलींना फक्त लॅबच्या चकरा मारायला लावल्या असत्या, तर ती साखळी तुटली असती.

सेहरीच्या वेळी

रमजानमध्ये वॉर्डातही थोडी देवाणघेवाण चालते. दुपारपाळी बहुधा दोन ते आठ, आणि इफ्तार नेमका त्याच्या मध्ये येतो. मग रोजेदार विद्यार्थिनीला पाच मिनिटे मिळावीत म्हणून कोणी दुसरी तिचा ट्रे धरते. दिवाळीला आणि पोळ्याला ही फेड होते. मधुमेहाचा रुग्ण इन्सुलिन चालू असतानाही रोजाचा हट्ट धरतो, तेव्हा आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे, रोजे नंतर भरून काढता येतात, हे समजावण्याचे कामही कधी सिस्टरकडे, कधी विद्यार्थिनीकडे येते.

पण खरे शिक्षण होते ते पहाटे. सेहरी उरकून विद्यार्थिनी परत वॉर्डात येते. सिस्टर तिला सांगते, सात नंबरच्या आजोबांची नाडी घे. ती मोजते, ब्याण्णव सांगते. सिस्टर स्वतः मनगट धरते, घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट थांबते. एकशे आठ येतात. ती रागावत नाही आणि तक्त्यातही काही लिहीत नाही. दोघी मिळून तिसऱ्यांदा मोजतात. आजोबा झोपलेलेच असतात, नातेवाईकही. बाहेर फजरची अजान सुरू होते.

त्या एका मिनिटात विद्यार्थिनी जे शिकते ते ती पुढची तीस-पस्तीस वर्षे वापरणार असते. उद्या ती कुठल्या तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटी रात्रपाळीला असेल, मागे ट्रे धरायला कोणी नसेल, आणि खाटेवर कदाचित आपल्यापैकीच कोणी असेल. त्या रात्री ती पूर्ण मिनिट मोजेल की नाही, हे आजच्या पहाटे ठरते.