परतीची तारीख तब्येत ठरवते

“घर बांधून झाले, मुलींची लग्ने उरकली, की कायमचा येतो.” कोकणातल्या मुस्लिम घरांत आम्ही हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घर होते, लग्नेही होतात, तरी परतणे ‘पुढच्या वर्षी’वर जाते. मग एके दिवशी साखर वाढते, गुडघे बोलू लागतात, छातीत कळ येते, आणि परतीची तारीख तब्येतच ठरवून टाकते.

आखाती देशांत राहण्याचा परवाना बहुतेकांच्या बाबतीत नोकरीला बांधलेला असतो. शरीर थकले की नोकरी जाते आणि तिच्याबरोबर परवाना व मालकाने काढलेला आरोग्य विमाही जातो. ज्या घडीला औषधपाण्याची खरी गरज, नेमक्या त्याच घडीला माणूस परततो. कुवेतने २०२१ मध्ये साठी ओलांडलेल्या, पदवी नसलेल्या परदेशी कामगारांचे परवाने नव्याने देणे रोखले होते. पुढे २०२२ मध्ये वाट खुली झाली, ती जादा शुल्क आणि खासगी आरोग्य विमा या अटींवर.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्यांचे उलटे आहे. तिथले मोफत सरकारी उपचार तिथे राहणाऱ्यांसाठी असतात. कायमचे भारतात आले की तो हक्क सुटतो. सरकारी पेन्शन इथे मिळते, पण तिच्यातली दरवर्षीची वाढ मिळत नाही. म्हणून आजारी माणूस तिथेच थांबतो. गावाची ओढ हिवाळ्यातल्या दोन महिन्यांवर भागवतो.

गावात काय वाट पाहत असते? गल्फच्या पैशाने बांधलेला बंगला, झोपायची खोली वरच्या मजल्यावर, जिना गुळगुळीत फरशीचा. मूत्रपिंडे निकामी झाली तर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, दर खेपेला सुमारे चार तास. आडगावातून शहरात जाऊन येण्यात सबंध दिवस जातो. नेणार कोण? मुलगा स्वतःच आखातात. उरते बायको, जिने तीस वर्षे एकटीने संसार ओढला आणि जिला स्वतःलाच रक्तदाब आहे. परतीच्या निर्णयात तिचे मत क्वचितच विचारले जाते. मग वतनात राहायला आलेला माणूस दवाखान्यासाठी मुंब्र्यात किंवा पनवेलला खोली घेतो आणि गावच्या बंगल्याला कुलूप लागते.

आमचे म्हणणे एवढेच, की हा हिशेब हातपाय चालतात तेव्हाच मांडावा. तपासण्यांचे कागद, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि औषधांची मूळ नावे सोबत आणावीत. तिकडच्या कंपनीचे नाव इकडच्या दुकानात ओळखू येईलच असे नाही. एप्रिल २०२४ पासून आरोग्य विम्याला ६५ वर्षांची वयोमर्यादा राहिलेली नाही, पण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून पॉलिसी परतण्याआधी काही वर्षे पाहावी. रेशनकार्डावर आपले नाव शिल्लक आहे का, तेही तपासावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी ते उपयोगी पडते. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्यांचा खर्च आपल्यालाच करावा लागतो.

घर बांधायचे असेल तर एक खोली आणि कमोडचे न्हाणीघर खालीच ठेवावे. पलंगाजवळच्या भिंतीला धरायला कठडा लावावा.

आणि सुट्टीवर आलेल्या वडिलांना मुलांनी या वेळी “काय आणले?” याच्या आधी “तब्येत कशी आहे, औषधे कोणती चालू आहेत?” हे विचारावे. वडील “काही नाही, ठीक आहे,” म्हणतील. तेवढ्यावर सोडू नये. आईलाही सोबत बसवावे, कारण पुढची सेवा तिच्याच वाट्याला येणार आहे. मायदेशी मातीत दफन व्हावे ही इच्छा आम्ही अनेक वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. त्याआधीची दहा-वीस वर्षे त्यांनी आपल्या अंगणात सुखाने बसावे, याची तजवीज मात्र घरच्यांनी आजच करायची आहे.