गरोदरपणातील रक्तदाब आणि रक्ताची नवी तपासणी



या पानावर आपण एरवी खोडवा, हुमणी, ठिबक यांचीच चर्चा करतो. या खेपेला विषय घरातल्या लेकी-सुनांचा आहे. पण तो फक्त बायकांचा म्हणून पान उलटू नका. दवाखान्यात कधी न्यायचे, हे पुष्कळ घरांत अजून पुरुषमाणसेच ठरवतात.

गरोदरपणात पाचवा महिना लागल्यावर काही बायकांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर जातो, बहुधा लघवीतून प्रथिनेही जाऊ लागतात. या दुखण्याला डॉक्टर प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. वेळेवर लक्षात आले नाही तर झटके येतात, मूत्रपिंड व यकृत बिघडते, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. पंचाईत अशी की सुरुवातीला बाई चांगली चालती-फिरती असते. "दिवस गेल्यावर पाय सुजायचेच" म्हणून घरचे गप्प बसतात.

हे होते कसे? बाळाला पोसणारी वार आईच्या ज्या रक्तवाहिन्यांवर जगते, त्या सुरुवातीच्या महिन्यांत रुंद व्हाव्या लागतात. पाटाचे तोंड अरुंद राहिले तर सरीच्या शेवटापर्यंत पाणी पोचत नाही, तशीच गत वारेची होते. मग तिच्यातून एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन जादा सुटते. ते पीएलजीएफ या उपयोगी प्रथिनाला अडकवून ठेवते आणि आईच्या रक्तवाहिन्या बिघडतात. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. अनंत करुमंची व त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी २००३ साली हे दाखवून दिले.

तोडणीचा कार्यक्रम लावताना आपण रसाचा थेंब काढून ब्रिक्स बघतो, नुसत्या वाढ्याकडे बघून ऊस ठरवत नाही. तसेच या दोन प्रथिनांचे प्रमाण आता रक्तातून मोजता येते. दुखण्याची शंका असलेल्या बाईत हे गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या आठवड्यात ते उद्भवण्याची शक्यता फार कमी, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आकडा जास्त आला म्हणजे दुखणे झालेच असे नाही, पण डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला हवे.

दुसरी तपासणी ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास होते. तिच्यात रक्तातील पीएलजीएफ, रक्तदाब आणि सोनोग्राफी यांचा एकत्र हिशेब मांडून धोका ओळखतात. अशा जोखमीच्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्याचा निकाल २०१७ साली आला. दिवस भरण्याआधीचा, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आतला प्रीएक्लॅम्पसिया गोळी घेणाऱ्या ७९८ बायकांपैकी १३ जणींना झाला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या ८२२ पैकी ३५ जणींना. मात्र ही गोळी डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज कोणी घेऊ नये.

या खास तपासण्या गावच्या आरोग्य केंद्रात सहसा होत नाहीत. म्हणून हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. रक्तदाब आणि लघवीची तपासणी उपकेंद्रातही होते, आणि निम्मी लढाई तिथेच जिंकता येते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. पहिलटकरीण, जुळी असलेली, आधी हा त्रास झालेली, मधुमेह किंवा रक्तदाब असलेली अशी कोणी घरात असेल तर तिसरा महिना संपायच्या आत डॉक्टरांना दाखवा आणि वरच्या तपासणीबद्दल विचारा.

डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, बरगडीखाली कळ येणे, तोंड-हात एकाएकी सुजणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. बाळंतपण झाल्यावरही काही आठवडे हा धोका राहतो.

शेवटी एक कळकळीची विनंती. हंगामात आपल्या फडात तोडणीला येणाऱ्या टोळीतही गरोदर बाया असतात. मोळ्या वाहणाऱ्या त्या बाईला स्वतःचे डोके दुखते हे सांगायलाही उसंत नसते. फड आपला आहे, तेव्हा चौकशीही आपणच करावी. मुकादमाला सांगून तिला एक दिवस दवाखान्यात पाठवावे, आणि लागली तर आपली गाडी द्यावी. एक खेप उशिरा गेली तर ऊस थोडा वाळेल. गेलेला जीव मात्र परत येत नाही.